वीस बोंडं

नोव्हेंबर आला की आर. के. पुरमचं नाव रोज बातम्यांत येतं. हवा मोजणारं एक केंद्र आमच्या वस्तीत आहे आणि दिल्लीतल्या वाईट हवेच्या यादीत ते बरेचदा वरच्या ओळींत असतं. त्या रविवारी सकाळी मलई मंदिराची टेकडी धुरात बुडाली होती. मागच्या अंगणात मी आणि माझी भाची चहा घेऊन बसलो होतो. डोळे चुरचुरत होते, पण उठून आत जावंसं वाटत नव्हतं, कारण बोलणं सुरू झालं होतं.

आमचं क्वार्टर सेक्टर ४ मधलं, तळमजल्याचं. ते पत्नीच्या नावावर आहे. ती सेवा भवनात, केंद्रीय जल आयोगात नोकरीला आहे. मी तीसेक वर्षं कापसाच्या किडींवर काम करून निवृत्त झालो. शेवटची काही वर्षं धौला कुआँ, नारायणा असा बसचा प्रवास करत पुसाच्या कृषी संशोधन संस्थेत जात होतो. अंगणातलं देवकापसाचं झाड पत्नीचं, देवाच्या वातींसाठी लावलेलं. भाची यवतमाळ जिल्ह्यातली. घरी साडेतीन एकर कोरडवाहू, त्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तूर. ती अकोल्याहून कीटकशास्त्रात एम. एस्सी. झाली आणि तिला पीएच. डी.साठी पुसात जागा मिळाली. चार दिवसांत फी भरायची होती. भरणार नाही, हे तोंडावर सांगायला ती वयाचं छत्तीस वर्षांचं अंतर ओलांडून माझ्यासमोर बसली होती. फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण ती आली. त्याचं मला बरं वाटलं.

"मामा, हा धूर नुसता शेतकऱ्याचा नाही," ती म्हणाली. "पुसा ४४ हा भात कुणाचा?"

"आमचाच. १९९३ चा. पण तो पंजाबसाठी काढलेला नव्हता. शिफारस कर्नाटक-केरळची होती. पंजाबच्या विद्यापीठाने कधी तो सुचवला नाही. उतारा भरपूर आणि हार्वेस्टरला सोयीचा, म्हणून शेतकऱ्यांनीच उचलला."

"बियाणं शिफारशीची वाट पाहत नाही ना. ते गावात गेलं की गेलं."

हे खरं आहे. पुसा ४४ तयार व्हायला पाच महिन्यांहून जास्त घेतो, पाणी जास्त पितो आणि मागे काड भरपूर सोडतो. त्यात पंजाबने जमिनीतलं पाणी वाचवायला २००९ मध्ये कायदा केला आणि भाताची लावणी जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आधी करायला बंदी घातली. पाण्यासाठी तो कायदा बरोबरच होता. पण लावणी पुढे गेली, तशी कापणीही पुढे गेली. गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरला तर साधतो. मधे उरतात दोन-तीन आठवडे. तेवढ्या दिवसांत एकरी टनांनी पडलेलं काड हलवायचं तर काडीपेटीइतकं स्वस्त काही नाही.

"त्यावर तुम्ही बुरशीच्या कॅप्सूल दिल्या," ती म्हणाली. "पुसा डिकंपोझर. काड कुजायला किती दिवस लागतात?"

"वीस-पंचवीस."

"जे दिवस शेतकऱ्याजवळ नाहीत, तेच तुम्ही त्याच्याकडून मागितले."

मी कप खाली ठेवला. "पण ती एकच गोष्ट आम्ही केली नाही. लवकर येणारे वाणही काढले. पुसा बासमती १५०९ हा २०१३ चा, आधीच्या ११२१ बासमतीपेक्षा तीनेक आठवडे आधी येतो. पंजाबच्या विद्यापीठाचा पीआर १२६ पुसा ४४ पेक्षा महिनाभर आधी मोकळा होतो. आणि २०२३ मध्ये पंजाब सरकारने पुसा ४४ वर पुढच्या हंगामापासून बंदी जाहीर केली."

"तीस वर्षांनी."

"हो, तीस वर्षांनी. पण तो वाण कुठे चुकतोय हे मोजून दाखवणारे लोकही याच नोकरीतले होते. पाण्याची पातळी, काडाचं वजन, पिकाचे दिवस, हे कुणीतरी वर्षानुवर्षं लिहून ठेवलं म्हणून आज आपण दोघं या धुराचं कारण सांगू शकतो."

ती गप्प राहिली. पटलं म्हणून नव्हे. ती खरं बोलायला आली होती ते कापसाबद्दल, आणि भात बाजूला सरायची वाट पाहत होती.

कापसात माझं आयुष्य गेलं, म्हणून इथे थोडं थांबतो. बीटी कापसाला आपल्याकडे मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली, आणि दोन जनुकांचा दुसरा प्रकार २००६ मध्ये आला. हिरवी बोंडअळी आटोक्यात आली, सुरुवातीच्या वर्षांत फवारण्या खरोखर कमी झाल्या. हे मी शेतांत पाहिलंय आणि ते नाकारणार नाही. गुलाबी बोंडअळीची गोष्ट वेगळी. आम्ही तिला शेंदरीही म्हणतो. शास्त्रात तिची पहिली नोंद झाली ती १८४० च्या दशकात, भडोचच्या कापसावरून. म्हणजे ती आपल्या इथली जुनी रहिवासी. ती जवळजवळ कापसावरच जगते. अंड्यातून निघाली की थोड्या वेळात फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते आणि मग बाहेरून काही दिसत नाही. फुलाच्या पाकळ्या आतून चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या राहतात. ती डोमकळी ज्याला ओळखता आली त्याला अळी लवकर कळते. इतरांना कळते ती बोंड फुटल्यावर, जेव्हा रुई पिवळी पडलेली असते आणि दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या असतात.

बीटीच्या झाडातलं तेच विष सतत खाणाऱ्या किडीत ते पचवणारे थोडे जीव निघतातच. ते आपसांत जुळू नयेत, त्यांना साध्या कापसावर वाढलेले जोडीदार मिळावेत आणि पुढची पिढी पुन्हा विषाला बळी पडावी, यासाठी बीटीभोवती साध्या कपाशीच्या ओळी लावायच्या असतात. ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅमचं बिगर बीटीचं पाकीट त्यासाठीच मिळायचं. क्षेत्राचा पाचवा हिस्सा किंवा कडेच्या पाच ओळी, यांपैकी जे जास्त भरेल ते लावायचं.

"तुम्ही हे गावोगाव सांगितलंत," भाची म्हणाली. "बाबांनी ते पाकीट नांग्या भरायला वापरलं. शेजारच्यांनी फेकून दिलं. मामा, तीन एकरवाल्याला पाचवा हिस्सा अळीसाठी सोड म्हणणं, हा सल्ला होता की काय होतं?"

तेव्हा मी तिला एक गोष्ट सांगितली, जी आजवर कुणाला सांगितली नव्हती. एका प्रशिक्षण मेळाव्यात मी हाच हिशेब फळ्यावर काढून दाखवला होता. मागच्या रांगेतून एक वयस्कर शेतकरी उठला आणि म्हणाला, साहेब, तुम्ही पगारातला पाचवा हिस्सा अळीला सोडता का? मी त्याला जनुकांचं गणित पुन्हा समजावून सांगितलं. गणितात चूक नव्हती. पण त्याने विचारलं होतं वेगळंच: हा तोटा सगळ्यांच्या भल्यासाठी असेल तर तो एकट्या माझ्या शिवारातून का? याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं, आणि ते नाही हे त्या दिवशी मी कबूल करायला हवं होतं. माझ्या अहवालात त्या मेळाव्याची नोंद आहे. किती शेतकरी आले होते, तेही आहे. हा प्रश्न मात्र नाही.

"तो प्रश्न अहवालात गेला असता तर?" तिने विचारलं.

"तर कदाचित कुणीतरी दहा वर्षं आधी बिगर बीटीचं बी बीटीच्याच पाकिटात मिसळून द्यायचं ठरवलं असतं. ते आपल्याकडे फार उशिरा आलं."

चीनमध्ये हे वेगळ्या वाटेने घडलं. यांगत्से नदीच्या खोऱ्यातले शेतकरी संकरित कापसाच्या दुसऱ्या पिढीचं बी पेरू लागले. ते स्वस्त पडायचं. त्या पिढीत चारातलं एक झाड आपोआप बिगर बीटी निघतं. कुणी वेगळी ओळ सोडली नाही, कुणी तोटा सोसला नाही, आणि गुलाबी बोंडअळीतली प्रतिकारशक्ती मागे हटली. अमेरिकेने तर ऑक्टोबर २०१८ मध्ये आपल्या कापूसपट्ट्यातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं. तिथे बीटी होतं, कामगंध सापळे होते, हंगाम संपल्यावर सक्तीने शेतं साफ केली जात होती, आणि विमानांतून वंध्य केलेले पतंग सोडले जात होते.

"आणि आपल्याकडे २०१७," ती म्हणाली.

त्या वर्षी ती दहावीत होती. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. बोंडअळी आली आणि दुकानदाराने दिलं ते, दोन-तीन औषधं एकत्र करून, लोक फवारू लागले. यवतमाळ जिल्ह्यात त्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर दगावले. तिच्या वाडीतला एक सालगडी आठ दिवस दवाखान्यात होता. तो वाचला, पण नजर पूर्वीसारखी राहिली नाही. तिचे बाबा त्याच्यासोबत पाळीपाळीने पंप पाठीवर घ्यायचे.

"अळी बोंडाच्या आत, फवारा पानावर," ती सावकाश म्हणाली. "हे मला पुढे कॉलेजात शिकवलं. फवारणाऱ्याला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून मला परत जायचंय. मला आणखी एक शोध लावायचा नाही. जे माहीत आहे ते चार गावांत नीट करून दाखवायचंय. डिसेंबरात पीक काढून टाकायचं, फरदड ठेवायची नाही, जिनिंगजवळ सापळे लावायचे, दर आठवड्याला बोंडं फोडून पाहायची, निंबोळी अर्क वेळेवर, ट्रायकोकार्ड वेळेवर. एवढंच."

"आणि पऱ्हाट्या? बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांच्या वाळक्या बोंडांत अळी झोपून राहते. त्या हलवायला सांगशील?"

"सांगितलं होतं. आई म्हणाली, मग चूल कशावर पेटवू? तुमच्या पुस्तकात पऱ्हाटीला पीक अवशेष म्हणतात, मामा. आमच्या घरी ते वर्षभराचं सरपण आहे. गावात राहिल्याशिवाय यातून वाट निघणार नाही. रोटाव्हेटर मारा म्हटल्याने निघत नाही."

ती बोलत असताना मला तिचा अभिमान वाटत होता आणि भीतीही. अभिमान कशाचा ते सांगायला नको. भीती अशी की चार गावं चांगली होतील, तिशीत ती थकेल, आणि पाचव्या गावाला त्यातलं काही कळणार नाही. मी तेच म्हणालो.

"तुझ्या चार गावांना वाण कोणता देशील?"

"आमच्याकडचा गावरान. नाहीतर अकोल्याचे देशी वाण आहेत, एकेए सात, आठ. रस शोषणाऱ्या किडींना टिकतात, पाणी कमी लागतं, बी घरचं ठेवता येतं."

"रुई आखूड. जिनिंगवाला भाव देतो का? बोंडं लहान, वेचणीची मजुरी जास्त. हे बदलायचं तर कुणाला तरी लांब धाग्याचा, मोठ्या बोंडाचा, पाच महिन्यांत मोकळा होणारा सरळ वाण काढावा लागेल. ते काम बांधावर होत नाही."

"दादाजी खोब्रागडेंनी बांधावरच केलं."

हे नाव येणार हे मला ठाऊक होतं, आणि मी त्या माणसापुढे मान झुकवतो. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव, दीड एकर धान, शिक्षण तिसरीपर्यंत. 'पटेल ३' या धानात १९८३ मध्ये त्यांना थोड्या लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी निराळ्या ठेवल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या, असं पाच-सहा वर्षं केलं. त्यातून निघालेल्या बारीक तांदळाला मनगटावरच्या घड्याळावरून एचएमटी नाव पडलं. अकोल्याच्या विद्यापीठाने पुढे त्याच वाणाचं शुद्धीकरण करून पीकेव्ही एचएमटी काढला. आज नागपूर-रायपूरच्या कुठल्याही किराणा दुकानात हा तांदूळ मिळतो, आणि दादाजी ३ जून २०१८ ला गेले तेव्हा ते गरीबच होते. आमच्या शिकलेल्या वर्गाने त्यांचं जे देणं होतं ते दिलं नाही, हे मी स्वच्छ म्हणतो.

"पण धान स्वतःचंच परागण करून घेतं," मी भाचीला म्हणालो. "निवडलेली लोंबी पुढच्या वर्षी बरीचशी तशीच उतरते. कापसावर मधमाश्या येतात. शेजारच्या शेताचा पराग तुझ्या झाडावर येतो आणि सातव्या वर्षी तू निवडलेलं काय होतं तेच कळेनासं होतं. कळ्या बांधाव्या लागतात, वेगवेगळ्या मातीत, वेगवेगळ्या पावसात चाचण्या घ्याव्या लागतात. एका वाणाला दहा-बारा वर्षं जातात. कापसाच्या माणसाला तीस वर्षांच्या नोकरीत तीसच खरीप मिळतात, पोरी. त्यातले दोन दुष्काळात जातात आणि तीन बदल्यांत. उरलेल्यांतून दोन वाण निघाले तर नशीब. आणि त्या वाणांवर त्याचं नाव नसतं."

"म्हणजे तुम्ही सगळे दादाजीच."

"पेन्शन मिळणारे." हे बोलताना माझा आवाज जरा बदलला असावा, कारण तिने लगेच विषय पुढे नेला नाही.

या नोकरीची जी बाजू मी तिच्यापासून लपवू शकत नव्हतो, ती मीच काढली. पुसातल्या एका कृषिशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये आत्महत्या केली होती. मागे ठेवलेल्या पत्रात निवडीतल्या अन्यायाची आणि वरिष्ठांच्या मताला जुळतील असे अशास्त्रीय आकडे पुढे पाठवले जाण्याची तक्रार होती. देश हादरला. माजी सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यातून १९७३ मध्ये स्वतंत्र निवड मंडळ आणि १९७५ मध्ये कृषी संशोधन सेवा उभी राहिली. माझी निवड त्याच मंडळाने केली. भाची ज्या परीक्षा देणार होती त्याही तिथूनच येतात. एका माणसाच्या प्राणाचं मोल देऊन मिळालेली ही व्यवस्था आहे. तिच्यात आकडे वाकवणारे आजही भेटतील. पण न वाकवणाऱ्याला उभं राहायला जागा आहे, ती तिथेच.

"तुम्ही वाकवले कधी?" तिने विचारलं.

"नाही. पण मघाशी सांगितलेला प्रश्न गाळला. तेही तेवढंच वाईट, असं मला आता वाटतं."

मग ती हॉवर्डकडे वळली. मला ते अपेक्षित नव्हतं. अल्बर्ट हॉवर्ड १९०५ मध्ये बिहारमधल्या पुसाला आले, जिथे आमची संस्था जन्मली. फिप्स नावाच्या एका अमेरिकन माणसाने दिलेल्या तीस हजार पौंडांची तिच्या उभारणीला मदत झाली होती. १९३४ च्या भूकंपाने ती इमारत मोडली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला आली, नाव मात्र पुसाच राहिलं. हॉवर्ड आणि त्यांची पत्नी गॅब्रिएल, तीही वनस्पतिशास्त्रज्ञ, दोघांनी तिथे गव्हावर मोठं काम केलं. पुढे, १९२४ मध्ये, ते इंदूरला गेले. होळकर संस्थानाने जमीन दिली, पैसा आला कापूस समितीकडून. तिथे कंपोस्टची इंदूर पद्धत तयार झाली. आज जगभर ज्याला सेंद्रिय शेती म्हणतात तिचं एक मूळ असं सरकारी कापूस संशोधनात आहे.

"त्यांनी शेतकरी आणि कीड या दोघांना आपले गुरू मानलं," ती म्हणाली. "पुसात काम करून ते पुसाच्या चौकटीबाहेर गेले. शेतीशास्त्राचा एकेक विभाग आपापल्या खोलीत बसतो आणि झाड कुणालाच अख्खं दिसत नाही, ही त्यांची तक्रार होती. तुमच्या वेळी काही वेगळं होतं का?"

"नाही. मातीवाले एका इमारतीत, आम्ही दुसऱ्या." खरं ते खरंच. "पण हॉवर्ड बाहेर गेले ते एकोणीस वर्षांनी. आत राहून आधी शिकले, मग चौकट मोडली. तू चौकट पाहायच्या आधीच मोडायला निघालीस."

तिने लगेच वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजेंचं नाव घेतलं. गदर चळवळीतले क्रांतिकारक, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, हिंदुस्थानात परतायची वाट बंद झाली म्हणून मेक्सिकोत गेले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले, मक्यावर संशोधन केलं, आणि त्याचबरोबर तिथल्या गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा काढल्या. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. त्यांनी दोन्ही केलं, असं तिचं म्हणणं. मीही तेच म्हणत होतो, फक्त माझ्या बाजूने. प्राध्यापक नसते तर त्यांच्या शाळांना कोण विचारतं? ती म्हणाली, शाळा नसत्या तर प्राध्यापकाला आज मेक्सिकोत कोण आठवतं? इथे आम्ही दोघंही थोडे हट्टाला पेटलो होतो. ते तिथेच सोडतो.

मला तिला एकच गोष्ट मनापासून दाखवायची होती, आणि ती कुठल्याही माणसाच्या नावाशी जोडलेली नाही. देशात १९७० पासून काही ठिकाणी दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहेत. अकोल्याच्या काळ्या जमिनीत ज्वारी-गव्हाचा एक पुढे सुरू झाला. तेच वाफे, तीच खतं, दरवर्षी. एका वाफ्यात नुसतं नत्र, एकात नत्र-स्फुरद-पालाश, एकात त्यासोबत शेणखत, एकात काहीच नाही. पहिली दोन-तीन वर्षं नत्राचा वाफा छान दिसतो. मग तो हळूहळू बसतो. शेणखत आणि खतं दोन्ही मिळालेला वाफा टिकून राहतो. ही गोष्ट कुठल्याही आजीला माहीत आहे, भाची म्हणेल. पण किती वर्षांनी बसतो, जस्त आधी कमी होतं की गंधक, खाली किती खोलवर फरक पडतो, हे आजीला माहीत नाही, आणि मलाही पाच वर्षांत कळलं नसतं. त्या वाफ्यांची पहिली नोंद करणारे लोक केव्हाच निवृत्त झाले. ज्याला शेवटचा निकाल दिसणार नाही असं काम कुणीतरी रोज सकाळी जाऊन करतं, म्हणून शाश्वत शेती या शब्दाला काही वजन आहे. नाहीतर तो नुसता परिसंवादातला शब्द.

"त्या वाफ्यांवर मी गेलेय," ती म्हणाली. "एम. एस्सी.ला असताना. तिथे काम करणाऱ्या बाया वीस-वीस वर्षं रोजंदारीवर आहेत. कुठल्या वाफ्यात पाणी कसं मुरतं हे त्यांना नोंदवहीपेक्षा जास्त कळतं. मामा, तुमच्या शोधनिबंधांत त्यांचं नाव आभारातही येत नाही."

यावर मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतं.

ऊन आता धुरातून पिवळं उतरलं होतं. पत्नी परडी घेऊन बाहेर आली आणि देवकापसाची फुटलेली बोंडं वेचू लागली. भाची उठून झाडापाशी गेली. देवकापूस आपला देशी, लालसर फुलांचा. तिने एक फूल उलटं करून पाहिलं, मग एक हिरवं बोंड बोटांनी दाबलं.

"मामा, याची बोंडं कधी फोडून पाहिलीत?"

पाहिली नव्हती. तीस वर्षं शिवाराशिवारांत जाऊन मी शेतकऱ्यांना सांगितलं की दर आठवड्याला वीस हिरवी बोंडं फोडा, दोनांत अळी दिसली की समजा वेळ आली. स्वतःच्या अंगणातलं एकही बोंड मी फोडलं नव्हतं.

"मामी, विळी देता का?"

आम्ही पायरीवर बसलो. ती बोंडं आणून द्यायची, मी चिरायचो, ती पाकळ्या वेगळ्या करून आत पाहायची. पहिली दहा स्वच्छ निघाली. अकराव्याच्या आतल्या पडद्यावर तिला एक बारीक गोल डाग दिसला, सरकी मात्र शाबूत होती. तेराव्यात अळी सापडली. पाव इंचाहून थोडी मोठी, अंगावर गुलाबी पट्टे. बोंडाला बाहेरून छिद्र नव्हतं, विष्ठा नव्हती, म्हणजे भेंडीवरून येणारी ठिपक्यांची अळी ही नव्हे. अठराव्यात दुसरी.

"विसांत दोन," ती म्हणाली. "दहा टक्के."

"इथे कुठून आली?" पत्नीने विचारलं.

मी सांगू लागलो की पंजाबात भटिंडा-मानसाकडे २०२१ मध्ये हिने मोठं नुकसान केलं, सरकीच्या गाड्यांतून ती दूर जाते, पतंगही उडतात. मग थांबलो. आर. के. पुरमच्या या अंगणात ती कशी आली, हे मला माहीत नव्हतं, आणि अंदाजाला उत्तर म्हणायची सवय त्या सकाळी तरी सोडायची होती.

भाचीने आतून औषधाची रिकामी बाटली आणि स्पिरिट मागितलं. दोन्ही अळ्या बाटलीत घातल्या. कागदाची चिठ्ठी कापून तिने पेन्सिलीने लिहिलं, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते: तारीख, आर. के. पुरम सेक्टर ४, देवकापूस, हिरवी बोंडं २०, अळ्या २. अक्षर बारीक आणि सरळ होतं. मग तिने विचारलं, कामगंधाच्या गोळ्या घरात आहेत का. माळ्यावरच्या खोक्यात होत्या, पण मुदत संपलेल्या. उद्या पुसातून नव्या आणू, असं ठरलं. तिथे जायचंच होतं म्हणून नव्हे, सापळा लावायचा होता म्हणून.

फी भरायला अजून तीन दिवस होते. त्याबद्दल त्या दुपारी आम्ही काही बोललो नाही. झाडावर उरलेली हिरवी बोंडं मोजली. सत्तेचाळीस भरली. पत्नी म्हणाली, यंदा वाती कमी होतील, होऊ देत. मग आम्ही तिघं ती सगळी तोडायला लागलो.